बार्बियानाच्या मुलांनी वर्णिलेली शाळा

शाळेविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्याचा फार मोठा भाग शिक्षकांनी, तपासनिसांनी व शिक्षणशास्त्रज्ञांनी लिहिलेला आहे. ज्याच्यासाठी हा सारा व्याप, त्या विद्यार्थ्याचे म्हणणे क्वचितच कागदावर उतरते. आणि उतरलेच, तर तो विद्यार्थी बहुधा पुढे नावारूपास आलेला व शाळेत पहिल्या बाकावर बसलेला असतो. नापास होऊन घरी बसलेल्या मुलाची आठवण कोणी लिहून घेत नाही. इटली देशातील एका डोंगरी वस्तीतील मुलांनी या रूढीस जो अपवाद घडविला, तो खेड्यातील प्राथमिक शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. वर्गात आपणांस काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि जे मिळाले ते कशामुळे मिळाले, याचा हिशेब त्या मुलांनी स्वतःच मांडलेला आहे.

फ्लॉरेन्स हे इटलीतील विद्या व कला यांसाठी प्रसिद्ध असलेले नगर. त्याच्या उत्तरेकडे मुजेल्लो नावाचे खोरे असून तेथील जोवी पर्वताच्या उतारावर बार्बियाना ही वस्ती आहे. वस्ती म्हणजे तरी काय, एक लहानसे चर्च, त्याला लागून धर्मगुरूचे घर, आणि रानात विखुरलेली शेतकऱ्यांची काही घरे. डिसेंबर १९५४ मध्ये लोरेन्झो मिलानी हे एकतीस वर्षांचे धर्मगुरू तेथे पोहोचले, तेव्हा वस्तीला रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. मिलानी यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्समधील एका सधन व विद्वान कुटुंबात झाला होता. तरुणपणी त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला होता. बार्बियानापूर्वी सात वर्षे ते कालेन्झानो येथे होते व तेथे त्यांनी कामगार तरुणांसाठी रात्रीची शाळा चालविली होती. त्यांची मते वरिष्ठांना रुचली नाहीत म्हणून त्यांना आडबाजूस धाडण्यात आले, असेच या बदलीविषयी सर्वसाधारणपणे मानले जाते. आडगावी बदली म्हणजे शिक्षा, ही समजूत केवळ इकडचीच आहे असे नव्हे. मिलानी यांनी मात्र तेथे गेल्यावर स्वतःच्या राहत्या घरातच शाळा सुरू केली, आणि २६ जून १९६७ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी दुर्धर रोगाने त्यांचे निधन होईपर्यंत ते त्या शाळेचेच होऊन राहिले.

या शाळेचे पहिले चांगले वर्णन आढळते ते मुलांच्या एका पत्रात. लोम्बार्डीच्या सपाट मुलखात, पियादेना गावाजवळ मारिओ लोदी नावाचे प्राथमिक शिक्षक होते. आपल्या वर्गाकडून दुसऱ्या शाळांना पत्रे लिहवून घेणे, मुलांचे छोटे वृत्तपत्र काढणे, असे उपक्रम ते करीत. १९६३ साली ते बार्बियानास येऊन गेले आणि त्यांच्या भेटीनंतर दोन्ही शाळांचा पत्रव्यवहार सुरू झाला. बार्बियानाच्या मुलांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पियादेनाच्या मुलांना जे पत्र पाठविले, त्यात शाळेची सर्व माहिती आकड्यांसह आहे. त्या वेळी पटावर एकोणतीस मुले होती. त्यांपैकी मुली तीन. नऊ जणांची घरे बार्बियानाच्या हद्दीत, पाच जण दूरचे म्हणून तेथील कुटुंबांत राहिलेले, व उरलेले पंधरा दररोज येऊनजाऊन शिकणारे. एक मुलगा तर जंगलातून सुमारे दोन तास चालत येई. सर्वांत धाकटा अकरा वर्षांचा व थोरला अठराचा. शाळा सकाळी आठ वाजता सुरू होई व संध्याकाळी साडेसातला सुटे. मध्ये जेवणापुरती सुट्टी. ज्यांची घरे जवळ, ती मुले आठापूर्वी गोठ्यातले काम उरकून किंवा लाकडे फोडून येत. वर्षातील शाळेचे दिवस तीनशे पासष्ट, आणि लीप वर्षी तीनशे सहासष्ट, असा हिशेब मुलांनी मोठ्या ऐटीत दिलेला आहे.

त्याच पत्रात शिक्षकांची संख्या तेवीस दिली आहे. एकोणतीस मुलांना तेवीस शिक्षक कसे, याचा उलगडा असा: सर्वांत लहान सात मुले सोडली, तर उरलेले बावीस जण आपल्याहून लहानांना शिकवीत, तेविसावे शिक्षक स्वतः मिलानी, व ते फक्त मोठ्या मुलांना शिकवीत. एक किंवा दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्तांचा भार असलेल्या शाळेत या हिशेबाकडे थोडे थांबून पाहावयास हवे.

येथे येण्यामागे आपला हेतू काही थोर नव्हता, हे मुले लपवीत नाहीत. परंतु आल्यानंतर हळूहळू या शाळेचा निराळेपणा त्यांच्या ध्यानात येत गेला. येथे गुण नव्हते, प्रगतिपुस्तक नव्हते, त्याच वर्गात पुन्हा बसण्याची धास्ती नव्हती. सरकारी शाळेची परीक्षा बाहेरून द्यावी लागे खरी. पण वर्षभर इतके तास अभ्यास झालेला असे की, परीक्षेचा विचार न करता बाकीचे बरेच काही शिकण्यास सवड मिळे. ‘परीक्षेमुळे काही करताच येत नाही’, ही तक्रार शिक्षकांच्या बैठकीत वारंवार ऐकू येते. या मुलांनी दिलेले उत्तर तिच्या अगदी उलट दिशेने आलेले आहे.

पुढे १९६७ च्या मे महिन्यात या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले एक पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘एका शिक्षिकेस पत्र’ असे त्याचे नाव. शाळेतील काही मुले पुढे शिक्षक होण्याच्या हेतूने सरकारी अध्यापक विद्यालयात गेली व तेथे नापास झाली. त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेस उद्देशून हे पत्र आहे. त्याची जगातील अनेक भाषांत भाषांतरे झाली असून ते मराठीतही आलेले आहे. लिहिणारे आठ असले तरी बोलणारा एकच मुलगा आहे, आणि त्याचा सूर ठिकठिकाणी इतका कडवट आहे की, वाचणाऱ्या शिक्षकाने प्रथम पुस्तक मिटून ठेवावे. तथापि पुन्हा उघडल्यावर त्यात रागापेक्षा निरीक्षण अधिक आहे, असे दिसून येते.

हा मुलगा आपल्या पहिल्या पाच इयत्तांविषयी सांगतो, ते असे. डोंगरावरील सरकारी शाळेत पाच वर्ग एकाच खोलीत भरत. त्याने सरळ भागाकार केला आहे: ज्या शाळेवर आपला हक्क होता, तिचा पाचवा हिस्साच आपल्या वाट्यास आला. हा भागाकार शिक्षकावर आरोप म्हणून केलेला नाही. ज्यांनी पाच वर्गांना एक शिक्षक नेमला, त्यांच्या नावे तो मांडलेला आहे. या शिक्षणाचा परिणाम म्हणून तो एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे भिडस्तपणा. शहरातील माणूस समोर आला की मान खाली घालावी, भिंतीच्या कडेकडेने चालावे, कोणाच्या दृष्टीस पडू नये. वाचन-लेखनातील उणीव मागाहून भरून निघू शकते. परंतु ही भिडस्तपणाची सवय आयुष्यभर पुरते, असे त्याचे म्हणणे आहे.

बार्बियानास तो आला तेव्हा ती त्याला शाळाच वाटली नाही. शिक्षकाचे टेबल नाही, फळा नाही, बाके नाहीत. मोठमोठी मेजे होती. त्यांच्याभोवती बसून शिकावयाचे आणि त्यांवरच जेवावयाचे. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती व सारी मुले तिच्यावर वाकून बसलेली असत. त्या घोळक्यात एक मुलगा जरा मोठा आहे व तो शिकवीत आहे, हे पाहणाऱ्याच्या चटकन लक्षातही येत नसे. या बालशिक्षकांत थोरला सोळा वर्षांचा व धाकटा बारा वर्षांचा होता. त्या बारा वर्षांच्या शिक्षकाकडे पाहून नव्या मुलाने पहिल्याच दिवशी मनाशी ठरविले की, आपणही शिकवावयाचे. आणि पुढच्याच वर्षी आठवड्यातून तीन दिवस अर्धा अर्धा वेळ तो खालच्या वर्गास भूगोल, गणित व फ्रेंच शिकवू लागला.

वर्गातील कोणता अनुभव खरोखर अर्थपूर्ण ठरला, असे या मुलास विचारले असते तर त्याने बहुधा याच अनुभवाकडे बोट दाखविले असते. नकाशाचे पुस्तक उघडून दाखविण्यास किंवा अपूर्णांक समजावून देण्यास पदवी लागत नाही, असे तो म्हणतो. शिकविताना त्याची चूक झाली, तर लहान मुलांना उलट हायसे वाटे. मग सगळे मिळून बरोबर उत्तर शोधीत. शिकविता शिकविता तो स्वतः जे शिकला त्यात एक गोष्ट त्याला सर्वांत मोलाची वाटते: दुसऱ्याची अडचण ही आपल्याच अडचणीसारखी आहे, आणि तिच्यातून एकट्याने निसटून जाण्यापेक्षा सर्वांनी मिळून बाहेर पडणे अधिक चांगले. नागरिकशास्त्राचे पाठ पुष्कळ ठिकाणी होतात. पण तेरा-चौदा वर्षांचे मूल या निष्कर्षास स्वतःहून पोहोचल्याची उदाहरणे फारशी मिळत नाहीत.

या शाळेचा एक अलिखित नियम होता. ज्याचा पाया कच्चा, ज्याला समजावयास वेळ लागतो, किंवा ज्याचे लक्ष लागत नाही, तो मुलगा जणू शाळेचा लाडका समजला जाई. इतर शाळांत पहिल्या नंबरच्या मुलाचे जे कोडकौतुक होते, ते येथे त्याच्या वाट्यास येई. त्याला समजल्यावाचून बाकीचे पुढे सरकत नसत. हुशार मुलांचे यात नुकसान होत नाही काय, अशी शंका येथे कोणाही शिक्षकास येईल. तिचे उत्तर वर आलेच आहे: हुशार मुले स्वस्थ बसून राहत नसत, ती शिकवीत असत; आणि जो धडा दुसऱ्याला समजावून सांगावा लागतो, तो स्वतःचा पक्का होतो, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार?

सांद्रो व जान्नी या नावांनी पुस्तकात दोन मुलांची हकिकत येते, ती विशेष मननीय आहे. सांद्रो पंधरा वर्षांचा, उंचीने थोराड आणि मनाने खचलेला. मुलगा मतिमंद आहे असे सरकारी शाळेतील शिक्षकांनी ठरवून टाकले होते व त्याने पहिल्याच इयत्तेत तिसऱ्यांदा बसावे, असा त्यांचा निर्णय होता. (इटलीत पाच प्राथमिक इयत्तांनंतर तीन वर्षांची माध्यमिक शाळा असते, ही पहिली इयत्ता तिच्यातील.) जान्नी चौदा वर्षांचा, चंचल, पुस्तकाचे वावडे असलेला, त्याच्या नावावर उनाड म्हणून शिक्का बसलेला होता. हे दोघे शाळा कायमची सोडण्याच्या बेतात असता बार्बियानास आले. येथे त्यांना मागे न बसविता वयाप्रमाणे सांद्रोला तिसऱ्या व जान्नीला दुसऱ्या इयत्तेत घेण्यात आले. सांद्रोला आयुष्यात प्रथमच शाळेत समाधान वाटले. तो अभ्यासात रमला, आणि ज्याला मतिमंद ठरविले होते त्याला त्याच वर्षीच्या जूनच्या परीक्षेत परीक्षकांना उत्तीर्ण करावे लागले.

जान्नीचे काम अधिक अवघड होते. शाळेतून त्याने पुस्तकाविषयीचा द्वेष तेवढा बरोबर आणला होता. इटालियन भाषेत ‘जवळ असणे’ या अर्थाच्या एका क्रियापदाच्या काही रूपांना आरंभी एक अक्षर लिहावे लागते. त्याचा उच्चार मात्र होत नाही. ते अक्षर जान्नी कधीही लिहीत नसे व काही केल्या ते त्याच्या ध्यानी राहत नसे. इकडील शिक्षकांना ऱ्हस्व-दीर्घाची व ‘न’-‘ण’ची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. पण हाच जान्नी मोठ्या माणसांच्या जगातील कितीतरी गोष्टी जाणत होता. शेतीभाती, मजुरी, कुटुंबाचा खर्च, गावातील व्यवहार हे त्याला कळत होते. कधी कधी तो वडिलांबरोबर सभेला किंवा नगरपालिकेच्या बैठकीलाही जाऊन बसे. एका न उच्चारलेल्या अक्षरासाठी या साऱ्या ज्ञानाची किंमत शून्य धरण्यात आली, ही मुलांची तक्रार आहे. भाषेविषयी ती याहूनही मूलगामी प्रश्न करतात. भाषा घडवितात ती कष्ट करणारी साधी माणसे. तीच तिला नित्य ताजी ठेवतात. मग त्यांतल्याच मुलास भाषा येत नाही म्हणून नापास कोणी करावयाचे?

येथे महाराष्ट्रातील शिक्षकाच्या मनात घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाचे चित्र उभे राहिल्यावाचून राहणार नाही. पाठ्यपुस्तकाची भाषा त्याला शिकवावयाची नाही, असा या मुलांचा आग्रह मुळीच नाही. उलट ती भाषा हातात आली तरच गरिबाचा मुलगा इतरांच्या बरोबरीने उभा राहील, असा मिलानींचा ठाम विश्वास होता व शाळेचे बहुतेक तास शब्दांचे अर्थ उकलण्यात जात. रोजचे वर्तमानपत्र तेथे वाचले जाई आणि अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी वर्ग थांबे. फरक एवढाच की, घरची बोली ही चूक म्हणून न धरता तेथून आरंभ केला जाई.

शारीरिक शिक्षणाच्या परीक्षेचा एक प्रसंग मुलांनी सांगितला आहे. परीक्षकांनी बास्केटबॉलचा चेंडू पुढे केला. डोंगरावरील मुलांनी तो खेळ पाहिलाही नव्हता. परीक्षकांनी कीव केली. वस्तुतः त्यांतील कोणीही मुलगा ओकच्या झाडावर चढून, हात सोडून, कुऱ्हाडीने भली मोठी फांदी तोडून ती बर्फातून ओढीत घरच्या उंबऱ्यापर्यंत आणू शकत होता. आणि फ्लॉरेन्समधील शेठजी स्वतःच्या घरात पाळण्यात उभे राहून वर जातात व मग व्यायाम म्हणून यंत्रावर बसून खोटी नाव वल्हवितात! दोघांत कोणास अधिक गुण मिळतील, असे मुले विचारतात. मूल्यमापनाची नोंदवही भरताना, विहिरीत पोहणारे, बैल जुंपणारे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन स्वयंपाक करणारे मूल ‘शारीरिक क्षमता’ या रकान्यात कोठे बसते, याचा विचार या प्रसंगावरून करता येईल.

केवळ गाऱ्हाणे मांडून ही मुले थांबली नाहीत. त्यांनी सरकारी सांख्यिकीचे अहवाल व शाळांची हजेरीपुस्तके मिळवून कोणती मुले कोणत्या इयत्तेत गळतात, त्यांचे आईबाप काय काम करतात, याचे तक्ते व आलेख तयार केले. मधेच शाळा सोडणाऱ्यांत शेतकरी व मजूर यांच्याच मुलांचा भरणा अधिक, असे त्यांतून स्पष्ट झाले. डॉक्टरांचा मुलगा पिएरिनो शाळेत येण्यापूर्वीच लिहावाचावयास शिकलेला असतो व एकदम दुसरीत बसतो. त्याला शिकविण्याचे श्रेय शाळा घेते. शाळेबाहेर पडलेल्या मुलाचा दोष मात्र त्याच्याच माथी मारला जातो. या सांख्यिकी कामाबद्दल इटलीच्या भौतिकी परिषदेने होतकरू शास्त्रज्ञांसाठी असलेले पारितोषिक त्यांच्या पुस्तकास दिले. १९४८ पासून अमलात असलेल्या इटलीच्या संविधानात किमान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे व मोफत आहे. १९६२ च्या कायद्याने प्राथमिकनंतरची शाळाही सर्वांसाठी एकच करण्यात आली होती. कायदा असताना मुले गेली कोठे, एवढाच त्या तक्त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न भारतातही जुनाच आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला तो २००९ साली, व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. मोठ्या वयाच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा व त्याची उणीव विशेष प्रशिक्षणाने भरून काढावी, ही त्यातील तरतूद म्हणजे सांद्रोचीच कथा कायद्याच्या भाषेत होय. आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात मागे ठेवू नये, असेही मूळ कायद्यात होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती राज्यांना यात मोकळीक मिळाली, आणि २०२३ साली महाराष्ट्राने या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा, व न जमल्यास पुनर्परीक्षा, असा नियम केला. नियम कोणताही असो, वर्षभर हजेरीत असलेल्या मुलाचा पाया मार्चमध्येच कच्चा आढळला, तर जून ते फेब्रुवारी या काळात शाळा काय करीत होती, हे पुनर्परीक्षेच्या निकालावरून कळत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर निघून जाणारे आणि पाडव्याच्या सुमारास परतणारे मूल परतताच वर्गाचे लाडके ठरते की ओझे, यावर तेथे अधिक अवलंबून आहे.

बार्बियानाचे तक्ते करावयास फारसे साहित्य लागत नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. आठ-दहा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुलांची नावे त्यातून उतरून घ्यावी. प्रत्येकापुढे आईबापांचा व्यवसाय, शाळा सोडल्याची इयत्ता आणि आज ते मूल कोठे आहे, एवढेच लिहावे. एका दुपारचे काम आहे. ते वरच्या वर्गातील मुलांकडून करून घेतले तर गणिताचा पाठही होतो. मात्र ज्यांची नावे येतील त्यांची भावंडे वर्गातच बसलेली असतात, याची जाणीव शिक्षकाने ठेवावी.

या शाळेतील सर्वच गोष्टी उचलाव्या अशा नाहीत. तेथे खेळ नव्हता. बर्फ पडले की तासभर बर्फावर घसरणे, व उन्हाळ्यात मुलांनी स्वतः बांधलेल्या हौदात तासभर पोहणे, एवढाच विसावा. आणि त्यांनाही मुले खेळ न म्हणता अभ्यासाचे विषयच म्हणत. गोठ्यातले शेण काढण्यापेक्षा शाळा बरी, असे छत्तीस गाई असलेल्या घरातील एका मुलाने म्हटले होते. तिथल्या मुलास बारा तासांची शाळा ही सुटकाच होती. पण म्हणून खेळाचे महत्त्व कमी ठरत नाही. मिलानींची शिस्त फार कडक होती. तीही आजच्या कायद्यास व विचारास धरून नाही. मुलींची संख्या नेहमीच तोकडी राहिली. वाट अवघड होती हे एक कारण. परंतु मुलीस शिक्षणाची काय गरज, ही आईबापांची समजूत हे दुसरे व मोठे कारण असावे, असे मुलांनी स्वतःच लिहिले आहे. आणि या एका बाबतीत शिक्षकांना दोष देता येत नाही, मुलींची किंमत ते आईबापांपेक्षा अधिक ओळखतात, एवढे ती जाता जाता कबूल करतात. साऱ्या पुस्तकात शिक्षकांच्या बाजूने लिहिलेले असे शब्द थोडेच आहेत.

जी गोष्ट कोणत्याही खेड्यातील शाळेस उद्यापासून करता येईल, ती म्हणजे त्यांची मिळून लिहिण्याची पद्धत. तिची रीत मुलांनी तपशीलवार दिली आहे. प्रत्येकाच्या खिशात एक वही असे. विषयासंबंधी काही सुचले की ते टिपावयाचे. प्रत्येक विचार निराळ्या कागदावर व कागदाच्या एकाच बाजूस लिहावयाचा. एके दिवशी सर्व कागद मोठ्या मेजावर मांडून दुबार आलेले काढून टाकावयाचे. जवळचे विषय एकत्र करून मोठे गठ्ठे करावयाचे. ती झाली प्रकरणे. प्रत्येक गठ्ठ्याचे लहान गठ्ठे करावयाचे. ते झाले परिच्छेद. मग प्रत्येक परिच्छेदास नाव द्यावयाचे. नाव सुचत नसेल, तर त्यात सांगण्याजोगे काही नाही, किंवा फार गोष्टी कोंबल्या आहेत, असे समजावे. नावांचा क्रम लावला की लेखाचा आराखडा उभा राहतो. त्यानुसार पहिला मसुदा लिहून त्याच्या प्रती सर्वांना द्यावयाच्या, आणि मग कात्री, खळ व रंगीत पेन्सिली घेऊन पुन्हा सारे उलटेपालटे करावयाचे.

यानंतर सुरू होई ती शब्द खोडण्याची शर्यत. फाजील विशेषण, पुनरुक्ती, खोटे विधान, अवघड शब्द, लांबलचक वाक्य, एका वाक्यात घुसलेल्या दोन कल्पना, जे जे सापडेल ते काढावयाचे. शेवटी बाहेरच्या माणसास बोलावून त्याच्याकडून लेख मोठ्याने वाचून घ्यावयाचा. तो माणूस फार शिकलेला नसला तर अधिक चांगले. मुलांना जे म्हणावयाचे होते तेच त्याला कळले की नाही, हे पाहावयाचे. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून कोणी सूचना केली तर ती घ्यावयाची. जपून लिहा, अशी सूचना मात्र स्वीकारावयाची नाही.

समजा, चौथी-पाचवीच्या वीस मुलांनी ‘गावातले पाणी’ हा विषय घेतला. कागद विकत आणण्याचे कारण नाही. जुन्या परिपत्रकांचे व प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद कापून त्यांच्या चिठ्ठ्या कराव्या. आठवडाभर चिठ्ठ्या जमू द्याव्या. कोणी लिहील की हापसा सकाळी सहा वाजता मोकळा असतो. कोणी लिहील की आई डोक्यावर एका वेळी दोन घागरी आणते. कोणी लिहील, ‘आमची म्हैस दुपारी तळ्यात बसती.’ या शेवटच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिल चालविण्याचा मोह शिक्षकास होईल. तो पहिल्या आठवड्यापुरता आवरावा. ‘बसती’चे ‘बसते’ करावयाचे की नाही, हे मसुदा तयार झाल्यावर वर्गाने ठरवावे. तोवर ती चिठ्ठी खिशात लपविली न जाता मेजावर आली, याचे मोल अधिक आहे. जे मूल अद्याप लिहू शकत नाही, त्याची चिठ्ठी शेजारच्याने लिहावी व त्याच्याच नावाने मांडावी. खडूच्या रिकाम्या खोक्यांत गठ्ठे ठेवता येतात. गठ्ठ्यांना नावे देण्याचे काम एका बैठकीत संपत नाही, दोन-तीन तास लागतात; पण व्याकरण, वर्गीकरण व वादविवाद यांचे तासही त्यातच येऊन जातात.

वाचून दाखविण्यासाठी शाळेजवळच्या घरातील एखादी निरक्षर आजी किंवा दूध घालून परतणारा शेतकरी यांच्याहून चांगला श्रोता नाही. आजीने एखाद्या वाक्यापाशी ‘म्हंजी काय?’ असे विचारले, की त्या वाक्यावर खूण करावी. आणि एखाद्या वडीलधाऱ्याने, टँकर दोन-दोन दिवस येत नाही हे वाक्य तेवढे वगळा, असे सुचविले, तर ते वाक्य खरे आहे की नाही एवढाच प्रश्न मुलांपुढे ठेवून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. तयार झालेला लेख शाळेच्या भिंतीवर लावावा किंवा दुसऱ्या गावच्या शाळेस पत्र म्हणून पाठवावा. खाली नाव कोणाचे घालावे, असा प्रश्न मुले बहुधा विचारतील. बार्बियानाच्या पुस्तकावर त्या आठांपैकी एकाचेही नाव नाही. लेखक म्हणून केवळ शाळेचे नाव छापलेले आहे.